उरलेले दोन टक्के : ट्रिटियमच्या क्षयातून मेसॉन विनिमय मोजण्याची रीत

पुण्यात गणेशखिंडीतला विद्यापीठाचा विभाग असो, पाषाणचं आयसर असो की शहरातलं एखादं जुनं कॉलेज, एमएस्सी भाग दोनच्या प्रोजेक्टसाठी अणुकेंद्रीय भौतिकी घेणाऱ्यांपैकी कुणीतरी दरवर्षी ‘मेसॉन एक्स्चेंज करंट’ हा विषय उचलतं. नाव भारदस्त असतं, गाईडही खूश होतात. मग विद्यार्थी पहिलाच रिव्ह्यू पेपर उघडतो, त्यात फाइनमन आकृत्यांची रांग दिसते, प्रत्येक आकृतीखाली पानभर लांबीचं ऑपरेटर असतं, आणि पंधरा दिवसांत प्रोजेक्टचं शीर्षक बदलतं.

माझं म्हणणं असं की आकृत्यांपासून सुरुवात करूच नये. आधी हिशेब करा. मेसॉन (अणुकेंद्रातल्या कणांना बांधणाऱ्या बलाचे वाहक कण) अजिबात न धरता उत्तर किती येतं आणि प्रयोगात किती मिळतं, यातला फरक आधी स्वतःच्या हातानं काढा. तो फरक म्हणजेच तुमचा विषय. तो डोळ्यांसमोर असला की कोणती आकृती कशासाठी आहे हे आपोआप कळू लागतं. या लेखात ट्रिटियमचा (एक प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन असलेल्या जड हायड्रोजनचा) बीटा क्षय घेऊन हेच टप्प्याटप्प्यानं करू. पहिल्या भागाला साधा कॅल्क्युलेटर पुरतो.

आधी चित्र स्पष्ट करा

बीटा क्षयाचं पाठ्यपुस्तकी गणित अणुकेंद्रातला प्रत्येक न्यूक्लिऑन (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) एकटा, मोकळा धरतं. न्यूट्रॉन मोकळा असताना जसा प्रोटॉनमध्ये बदलतो तसाच तो अणुकेंद्रातही बदलतो, असं मानून सगळ्यांची बेरीज करायची. याला इम्पल्स अप्रॉक्झिमेशन म्हणतात आणि ते आश्चर्य वाटावं इतकं चांगलं चालतं.

पण न्यूक्लिऑन एकत्र राहतात ते मुळात मेसॉनच्या देवाणघेवाणीमुळे. युकावानं ही कल्पना १९३५ मध्ये मांडली आणि १९४७ मध्ये ब्रिस्टलच्या गटाला पायॉन, म्हणजे सर्वांत हलका मेसॉन, सापडला. विद्युतभारित पायॉनचं वस्तुमान १३९.५७ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट). १९७.३३ ला (ħc, एमईव्ही-फेम्टोमीटरमध्ये) त्यानं भागलं की बलाचा पल्ला येतो : १.४१ फेम्टोमीटर. आता अणुकेंद्रातली घनता घ्या, दर घन फेम्टोमीटरला सुमारे ०.१६ न्यूक्लिऑन. म्हणजे दोन शेजाऱ्यांमधलं अंतर साधारण १.८ फेम्टोमीटर. पल्ला आणि अंतर जवळपास सारखेच, म्हणून कुठला ना कुठला पायॉन सतत वाटेत असतो. क्षीण आंतरक्रिया घडताना तिचा धक्का न्यूक्लिऑनऐवजी या वाटेतल्या पायॉनला, किंवा पायॉन जिथून सुटतो त्या बिंदूला बसू शकतो. अशा वेळी एक नाही, दोन न्यूक्लिऑन गुंततात. त्या दोघांच्या सामाईक योगदानाला एक्स्चेंज करंट म्हणायचं.

हे ऐच्छिक सुधारणेसारखं वाटेल, पण निदान व्हेक्टर प्रवाहाच्या बाबतीत ती सक्ती आहे. न्यूट्रॉन आणि प्रोटॉन पायॉन देऊन-घेऊन आपली ओळख बदलतात, म्हणजे वीजभार एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो. भार सरकला की प्रवाह आलाच. तो प्रवाह तुमच्या समीकरणात नसेल तर भाराची अक्षय्यता मोडते. म्हणून ज्या पोटेन्शियलमध्ये (बलाच्या गणिती रूपात) भाराची अदलाबदल आहे, त्याच्या जोडीला दोन-न्यूक्लिऑन प्रवाह लिहावाच लागतो. १९४७ मध्येच व्हिलार्सनं ट्रिटियम आणि हेलियम-३ च्या चुंबकीय आघूर्णांसाठी हा हिशेब मांडला होता.

पायरी पहिली : कपाटाचे चार खण

क्षीण प्रवाहाचे दोन प्रकार, व्हेक्टर आणि अॅक्सियल. प्रत्येकाचा एक काळाचा घटक आणि एक अवकाशाचा. झाले चार खण. तुमची प्रक्रिया कोणत्या खणात पडते हे पहिल्याच दिवशी ठरवा, कारण मेसॉनचा परिणाम शून्य येणार की शंभर टक्के, हे त्यावरच अवलंबून आहे. मला विचाराल तर या विषयात एवढं एकच पाठ करण्यासारखं आहे.

व्हेक्टरचा काळ-घटक म्हणजे फर्मी संक्रमण, ज्यात न्यूक्लिऑनचा स्पिन बदलत नाही. इथे मेसॉनचा परिणाम जवळपास शून्य. १९५८ मध्ये फाइनमन आणि गेल-मान यांनी ठामपणे मांडलेलं व्हेक्टर प्रवाहाच्या अक्षय्यतेचं तत्त्व या खणाला कुलूप लावतं. पायॉन कितीही फिरोत, एकूण भार तोच राहतो.

व्हेक्टरचा अवकाश-घटक म्हणजे चुंबकीय संक्रमणं आणि क्षीण आंतरक्रियेतलं त्यांचं भावंड, वीक मॅग्नेटिझम. इथे परिणाम ठसठशीत आहे. संथ न्यूट्रॉन प्रोटॉनला चिकटून ड्यूटेरॉन बनतो आणि गॅमा किरण बाहेर पडतो, त्या प्रक्रियेचा छेद (ती घडण्याची शक्यता सांगणारं क्षेत्रफळ) ३३४.२ मिलिबार्न मोजला गेला होता. मेसॉनविना हिशेब ३०२ च्या आसपास अडकायचा. हा दहा टक्क्यांचा खड्डा कित्येक वर्षं तसाच होता. १९७२ मध्ये रिस्का आणि ब्राउन यांनी तो एक्स्चेंज करंटनं भरून काढला. ट्रिटियम आणि हेलियम-३ च्या चुंबकीय आघूर्णांच्या फरकातही सुमारे १५ टक्के वाटा याच प्रवाहांचा.

अॅक्सियलचा अवकाश-घटक म्हणजे गॅमो-टेलर संक्रमण, ज्यात स्पिन उलटू शकतो. इथे एका न्यूक्लिऑनचं योगदान स्वतःच मोठं असतं आणि एका पायॉनचा सोपा परिणाम दबलेला, त्यामुळे दुरुस्ती लहान, काही टक्क्यांची. आपलं काम याच खणात आहे.

चौथा खण अॅक्सियलच्या काळ-घटकाचा, आणि तो सगळ्यांत गमतीदार. एका न्यूक्लिऑनचं योगदान वेगाच्या प्रमाणात, म्हणजे लहान. पायॉनचं मात्र दणदणीत. कुबोदेरा, देलॉर्म आणि ऱ्हो यांनी १९७८ मध्ये हे दाखवलं. नायट्रोजन-१६ च्या १२० केईव्हीवरच्या शून्य-ऋण (स्पिन ०, ऋण पॅरिटी) पातळीपासून ऑक्सिजन-१६ च्या भूस्थितीपर्यंतचा क्षय हे याचं ठरलेलं उदाहरण. शिशाच्या आसपासच्या अणुकेंद्रांसाठी वॉरबर्टननं १९९१ मध्ये काढलेली वाढ तर जवळजवळ दुप्पट होती. चमकदार परिणाम दाखवायचा असेल तर या खणात जा, पण तिथे वेव्हफंक्शनची (अणुकेंद्राच्या अवस्थेच्या गणिती वर्णनाची) गुंतागुंत एमएस्सीच्या मापाची नाही.

पायरी दुसरी : ट्रिटियमच का

तीनच न्यूक्लिऑन असल्यामुळे श्रोडिंगर समीकरण अंदाज न लावता सोडवता येतं. ट्रिटियम आणि हेलियम-३ एकमेकांची आरशातली प्रतिमा असल्यानं दोन्हीकडची वेव्हफंक्शन जवळपास तीच. क्षय अनुमत प्रकारचा, आणि मोजमाप पक्कं : अर्धायुष्य १२.३२ वर्षं, ऊर्जा १८.६ केईव्ही. न्यूट्रिनोचं वस्तुमान तोलणारा जर्मनीतला कॅट्रिन प्रयोगही याच क्षयावर उभा आहे, म्हणून त्याच्या वर्णपटाची बारीकसारीक माहिती सहज मिळते.

क्षयात फर्मी आणि गॅमो-टेलर दोन्ही भाग आहेत. फर्मी भागाला कुलूप आहे हे आपण पाहिलं, तो १ धरा. मेसॉनचा सगळा मामला गॅमो-टेलर भागात उरतो.

पायरी तिसरी : आकडे जमवा, आणि प्रत्येकाशेजारी वर्ष लिहा

चार आकडे लागतात. पहिला, ट्रिटियमचं एफटी मूल्य, म्हणजे अर्धायुष्य गुणिले फेज-स्पेस (बाहेर पडणाऱ्या कणांना किती मोकळीक आहे याचा गुणक), रेडिएटिव्ह दुरुस्त्यांसह. बऱ्याच लेखांत ते ११३५ सेकंद आहे, काहींत ११३० च्या जवळ. दोन्हींची त्रुटी ३ सेकंदांच्या आसपास. आपण ११३५ घेऊ.

दुसरा, शून्य-धन ते शून्य-धन अशा शुद्ध फर्मी संक्रमणांवरून मिळालेला ३०७२ सेकंद. हार्डी आणि टाउनर यांनी अनेक दशकं खपून तो घासूनपुसून ठेवला आहे. त्या संक्रमणांत फर्मी मेट्रिक्स एलिमेंटचा (संक्रमणाची ताकद सांगणाऱ्या आकड्याचा) वर्ग २ असतो, म्हणून आपल्या सूत्रात त्याची दुप्पट येईल : ६१४४.

तिसरा, अॅक्सियल आणि फर्मी फेज-स्पेसचं गुणोत्तर, १.००५.

चौथा आकडा जी-ए, न्यूक्लिऑनचा अॅक्सियल कपलिंग स्थिरांक, आणि खरी खोच इथे आहे. तो ट्रिटियमवरून नाही, मोकळ्या न्यूट्रॉनच्या क्षयावरून घ्यायचा. पर्किओ-३ या प्रयोगाचा २०१९ चा आकडा १.२७६४. नव्वदच्या दशकातले लेख उघडलेत तर १.२६५ दिसेल. वर्ष लिहून ठेवा असं म्हटलं ते यासाठीच. थोड्या वेळात या फरकाचा हिसका बसेल.

आणखी एक सावधगिरी. गॅमो-टेलर मेट्रिक्स एलिमेंट (पुढे ‘जीटी’) लिहिण्याच्या पद्धती अनेक आहेत. एका लेखात १.६५, दुसऱ्यात ०.९५, तिसऱ्यात ०.६८ असा आकडा दिसला तर घाबरू नका. एकानं √३ आत ठेवलेलं असतं, एकानं बाहेर काढलेलं, एकानं जी-ए आणि कोनीय गुणक मिसळलेले. लेखातल्या निकालाकडे धावण्याआधी व्याख्येचं समीकरण शोधा.

पायरी चौथी : गणित

सूत्र एवढंच :

एफटी = ६१४४ ÷ [ १ + १.००५ × (जी-ए)² × (जीटी)² ]

१.२७६ चा वर्ग १.६२८. त्याला १.००५ नं गुणलं की १.६३६.

आधी भाबडा अंदाज. तिन्ही न्यूक्लिऑन एस-अवस्थेत (कक्षीय कोनीय संवेग शून्य), दोन न्यूट्रॉनचे स्पिन एकमेकांविरुद्ध, प्रोटॉनचा स्पिन सगळ्या अणुकेंद्राचा स्पिन. अशा वेळी जीटीचा वर्ग ३. कंसात १ + ४.९०९ = ५.९०९, आणि एफटी १०४० सेकंद. मोजलेल्या अर्धायुष्याशी प्रमाण लावलं तर ११.३ वर्षं. ट्रिटियम फारच लवकर संपतो.

आता खरं वेव्हफंक्शन. न्यूक्लिऑनमधल्या टेन्सर बलामुळे ट्रिटियमचा सुमारे ९ टक्के भाग डी-अवस्थेत असतो. तिथे तिन्ही स्पिन एका दिशेला आणि कक्षीय कोनीय संवेग २. शिवाय एक टक्क्याच्या घरात एस-प्राइम नावाची मिश्र सममितीची अवस्था. या तिघांसाठी एक सुटसुटीत सूत्र आहे :

जीटी ÷ √३ = (एस) − (एस-प्राइम)/३ + (डी)/३

०.९० − ०.००३ + ०.०३० = ०.९२७. वर्ग करून ३ नं गुणलं की २.५८. कंसात ५.२२, एफटी ११७८ सेकंद, अर्धायुष्य १२.८ वर्षं. आता उलट झालं : ट्रिटियम जवळपास अर्धं वर्ष जास्त जगतो.

शेवटी उलटा हिशेब. प्रयोगातला ११३५ घालून जीटी काढा. ६१४४ ÷ ११३५ = ५.४१३, वजा १, भागिले १.६३६, वर्गमूळ, आणि √३ नं भाग. उत्तर ०.९४८.

वेव्हफंक्शननं दिलं ०.९२७, प्रयोगाला हवं ०.९४८. फरक २.३ टक्के. एका-एका न्यूक्लिऑनच्या बेरजेत हा भाग कुठेच बसत नाही. हाच तुमचा मेसॉन.

हे करून झालं की तीन ठिकाणी आकडे हलवून पाहा, कारण प्रोजेक्टचा जीव त्यातच आहे. ११३५ ऐवजी ११३० घातलं तर ०.९५१, फारसं बिघडत नाही. जी-ए जुना, १.२६५ घातला तर ०.९५६, आणि उरलेला भाग एकदम ३.२ टक्के होतो! ट्रिटियमला कुणी हात लावला नाही, मेसॉननं काही वेगळं केलं नाही. न्यूट्रॉनचं मोजमाप सुधारलं आणि एक्स्चेंज करंट एक चतुर्थांशाहून अधिक आटला. जुन्या लेखांतले ‘३ ते ४ टक्के’ आणि नव्यांतले ‘२ टक्के’ यांचा मेळ लागत नाही म्हणून पुष्कळजण हैराण होतात. बऱ्याचदा त्याचं कारण इतकंच असतं.

तिसरा बदल डी-अवस्थेचा. अर्गोन व्ही-१८ (अर्गोन हे अमेरिकेतल्या प्रयोगशाळेचं नाव) सारख्या पोटेन्शियलमध्ये ती ९ टक्के येते, सीडी-बॉनसारख्या मऊ पोटेन्शियलमध्ये ७ च्या आसपास. ७ घालून पाहा : ०.९२ − ०.००३ + ०.०२३ = ०.९४०. आता फरक एका टक्क्यापेक्षाही कमी!

इथे जरा थांबायला हवं

मग खरा मेसॉनचा वाटा किती? २.३ की ०.९? या प्रश्नाला स्वतंत्र उत्तर नाही, आणि तोच या विषयाचा गाभा आहे. डी-अवस्थेचं प्रमाण ही मोजता येणारी राशीच नाही. ती जिच्यामुळे येते ते टेन्सर बल मुख्यतः पायॉनच्या विनिमयातून आलेलं. म्हणजे पायॉन एका हातानं वेव्हफंक्शनमधून जीटी कमी करतो आणि दुसऱ्या हातानं प्रवाहातून परत देतो. किती वेव्हफंक्शनमध्ये टाकायचं आणि किती प्रवाहात, ही विभागणी पोटेन्शियल निवडणाऱ्याच्या हातात. बेरीज मात्र ०.९४८ च यायला हवी.

त्यामुळे ‘एक्स्चेंज करंटचं योगदान अमुक टक्के’ असं सुटं वाक्य रिपोर्टात लिहू नका. त्याआधी ‘अमुक पोटेन्शियल वापरल्यास’ हे यायलाच हवं. आणि एका पोटेन्शियलचं वेव्हफंक्शन घेऊन त्याला दुसऱ्या मॉडेलमधला प्रवाह जोडणं म्हणजे एकाच पायॉनचा हिशेब दोनदा धरणं, किंवा अजिबात न धरणं.

पायरी पाचवी : ऑपरेटरला हात

आता आकृत्या उघडा. गॅमो-टेलर खणात सगळ्यांत वजनदार आकृती डेल्टाची, म्हणजे न्यूक्लिऑनच्या उत्तेजित अवस्थेची. क्षीण प्रवाह एका न्यूक्लिऑनला डेल्टा करतो, तो २९३ एमईव्ही वर उडतो, आणि शेजाऱ्याला पायॉन देऊन परत खाली येतो. पायॉनऐवजी ऱ्हो हा जड मेसॉन दिला तर तीच आकृती, पण टेन्सर भागाचं चिन्ह उलट, त्यामुळे दोघांची अंशतः काटाकाट होते. उरलेल्या म्हणजे पायॉन आणि ऱ्हो एकमेकांत बदलणारी आकृती, सीगल वगैरे. त्या लहान आहेत. पहिल्या फेरीत सोडून द्या.

लिहायला बसण्याआधी कपलिंगची एक चाचणी करा. गोल्डबर्गर-ट्रायमन संबंध : जी-ए गुणिले न्यूक्लिऑनचं वस्तुमान भागिले पायॉनचा क्षय-स्थिरांक. १.२७६ × ९३८.९ ÷ ९२.४ = १२.९७. पायॉन-न्यूक्लिऑन कपलिंग प्रयोगातून १३.१ च्या आसपास येतं. एक-दोन टक्क्यांत जुळलं म्हणजे तुमची एककं आणि √२ चे गुणक जागेवर आहेत. नाही जुळलं तर बहुतेक वेळा क्षय-स्थिरांक ९२ ऐवजी १३० घेतलेला असतो. दोन्ही संकेत रूढ आहेत, फरक √२ चा.

मग पायॉनचं टेन्सर फंक्शन हातानं काढून बघा. अंतराला १.४१४ नं भागून क्ष घ्या. फंक्शन आहे (१ + ३/क्ष + ३/क्ष²) गुणिले युकावा घटक (e चा −क्ष घात, भागिले क्ष). १.८ फेम्टोमीटरला ते १.१५ येतं. १ फेम्टोमीटरला ७.८. अर्ध्या फेम्टोमीटरला ६६! दोन न्यूक्लिऑन इतके जवळ आल्यावर पायॉन हा बिंदूसारखा कण आहे ही समजूतच टिकत नाही, म्हणून या आतल्या भागाला कटऑफनं (जवळच्या अंतरांचा परिणाम दाबणाऱ्या मर्यादेनं) लगाम घालावा लागतो. कटऑफ बदलला की उत्तर बदलतं. किमान तीन वेगवेगळ्या कटऑफसाठी उत्तर काढून तक्ता द्या. परीक्षक आधी तिथेच बोट ठेवतात.

तीन न्यूक्लिऑनचं वेव्हफंक्शन पहिल्याच फटक्यात स्वतः सोडवायला जाऊ नका. ड्यूटेरॉननं सुरुवात करा : एस आणि डी अशी दोनच जोडसमीकरणं, साध्या न्यूमेरोव्ह पद्धतीनं सुटतात. अर्गोन व्ही-१८ चा फोरट्रान कोड मोफत उपलब्ध आहे. बंधन ऊर्जा २.२२४६ एमईव्ही आणि डी-अवस्था ५.७६ टक्के आली की कोड बरोबर चालतोय असं समजा. चतुर्ध्रुव आघूर्ण ०.२७० येईल आणि मोजलेलं ०.२८६ असेल, तो फरक बघून कोडमध्ये चूक शोधत बसू नका, तोही अंशतः प्रवाहातल्याच दुरुस्त्यांचा भाग आहे. यासाठी लॅपटॉप पुरे. आयसरमध्ये परम ब्रह्म हा महासंगणक आहे म्हणून त्यावर वेळ मागण्याचा मोह होतो, पण दोन जोडसमीकरणांसाठी महासंगणकाकडे जाणं म्हणजे गाईडची सही उगाच वाया घालवणं. लेखांसाठी आर्काइव्ह (arXiv हा ऑनलाइन संग्रह) आहेच. सत्तरच्या दशकातले मूळ लेख तिथे नसतात, ते जयकर ग्रंथालयात किंवा आयुकात विचारा. अणुकेंद्रीय भौतिकीची जुनी पाठ्यपुस्तकं अप्पा बळवंत चौकात नशिबानं मिळतात. कोनीय संवेगाच्या बीजगणितावरचं एखादं दिसलं तर भाव न करता उचला.

पायरी सहावी : जुळवणी कुठे आणि परीक्षा कुठे

न्यूक्लिऑन-डेल्टा अॅक्सियल कपलिंग नेमकं ठाऊक नाही. क्वार्क मॉडेल म्हणतं ते जी-ए च्या (६√२)/५ पट, पण हा अंदाज झाला. म्हणून प्रत्यक्षात करतात असं की ते कपलिंग ट्रिटियमचं ०.९४८ यावं इतकं फिरवून बसवायचं. इथे एक गफलत सहज होते. आकडा बसवल्यावर ‘आमचं मॉडेल ट्रिटियमचं अर्धायुष्य अचूक सांगतं’ असं लिहिणं. सांगणारच, त्यावरच तर बसवलंय! परीक्षा दुसऱ्या ठिकाणी द्यायची.

चांगली जागा म्हणजे हेलियम-३ मधलं म्युऑन ग्रहण. म्युऑन हेलियम-३ च्या अणुकेंद्रात शोषला जाऊन ट्रिटियम बनतो. तेच दोन अणुकेंद्र, फक्त वाट उलटी आणि संवेग बराच जास्त. स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेत त्याचा दर सेकंदाला १४९६ मोजला गेला, त्रुटी फक्त ४. ट्रिटियमवर बसवलेला प्रवाह घेऊन हा आकडा आला तर ते खरं यश.

दुसरी जागा प्रयोगशाळेत मोजताच येत नाही अशी : सूर्याच्या गाभ्यात दोन प्रोटॉन एकत्र येऊन ड्यूटेरॉन बनण्याचा दर. हा दर इतका क्षीण आहे की तो गणितातूनच घ्यावा लागतो. त्यातही गॅमो-टेलर खणातलाच एक्स्चेंज करंट शिरतो, वाटा टक्क्याच्या आसपास किंवा कमी. ट्रिटियमवर लगाम बसवल्यामुळे सूर्याचा हा आकडा टक्क्याच्या अचूकतेनं सांगता येतो. माझ्या मते ट्रिटियमच्या या सगळ्या खटाटोपाचं सर्वांत मोठं फळ हेच.

आजकाल ऱ्हो, डेल्टा अशी नावं घेण्याऐवजी कायरल इफेक्टिव्ह फील्ड थिअरीची भाषा जास्त चालते. तिथे पायॉन उघड असतो आणि त्याहून जवळचं सगळं संपर्क-पदांत (न्यूक्लिऑन एकाच बिंदूवर भेटतात असं मानणाऱ्या पदांत) कोंबलेलं. यातलं सुंदर असं की अॅक्सियल प्रवाहातलं संपर्क-पद आणि तीन न्यूक्लिऑनच्या बलातलं सी-डी नावाचं पद एकाच स्थिरांकानं बांधलेली आहेत. म्हणून ट्रिटियमची ८.४८२ एमईव्ही बंधन ऊर्जा आणि त्याचं अर्धायुष्य, या दोन आकड्यांवरून तीन-न्यूक्लिऑन बलाचे दोन्ही अज्ञात स्थिरांक ठरतात. गाझित, क्वाग्लिओनी आणि नाव्राटिल यांनी २००९ मध्ये हे करून दाखवलं. पण त्या लेखातल्या सी-डीच्या संबंधात उणे एक-चतुर्थांश हा गुणक राहून गेला होता. शुद्धिपत्र आलं ते २०१९ मध्ये. मधल्या दहा वर्षांत हाच संबंध इतरांनीही उचलला. या काळातला कुठलाही लेख वापरताना सी-डीचा आकडा उचलण्याआधी शुद्धिपत्र तपासा.

जड अणुकेंद्रांकडे एक नजर

ट्रिटियममध्ये एक्स्चेंज करंटनं जीटी वाढवलं. म्हणून जड अणुकेंद्रांतही तो वाढवेल, हे गृहीत धरू नका. शेल मॉडेलनं काढलेली गॅमो-टेलर मूल्यं मध्यम वजनाच्या अणुकेंद्रांत प्रयोगापेक्षा जास्त येतात आणि ती जुळवायला जी-ए ला सुमारे ०.७५ नं गुणावं लागतं, हे कोडं कित्येक दशकं पडून होतं. २०१९ मध्ये गिसबर्स आणि सहकाऱ्यांनी टिन-१०० पर्यंतचे हिशेब करून दाखवलं की दोन-न्यूक्लिऑन प्रवाह आणि न्यूक्लिऑनमधले नीट धरलेले परस्परसंबंध मिळून ही घट बरीचशी समजते.

याचा थेट संबंध न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा क्षयाशी आहे. तिथे दर जी-ए च्या चौथ्या घातावर जातो, ०.७५ चा चौथा घात ०.३२. अर्धायुष्याचा अंदाज तिपटीनं चुकू शकतो. टीआयएफआरमध्ये टिन-१२४ वर अशाच प्रयोगाची तयारी झाली होती, तेव्हा या विषयावरच्या सेमिनारला डेक्कन क्वीननं मुंबईला जाऊन यायला हरकत नाही.

न्यूट्रिनोच्या प्रयोगांतही ‘एमईसी’ (मेसॉन एक्स्चेंज करंट) हा शब्द भेटेल. मिनिबून या न्यूट्रिनो प्रयोगाला २०१० मध्ये अॅक्सियल वस्तुमान (खरं वस्तुमान नव्हे, मॉडेलमधला एक मापदंड) १.३५ जीईव्ही मिळालं, नेहमीच्या १.०३ पेक्षा कितीतरी जास्त. मार्टिनी आणि सहकाऱ्यांनी त्याचं स्पष्टीकरण एका धक्क्यात दोन न्यूक्लिऑन बाहेर पडण्यात शोधलं. भौतिकी नात्यातली, पण ऊर्जा शेकडो एमईव्हीची आणि पद्धत निराळी. तिथले आकडे इथे आणू नका.

रिपोर्ट आणि व्हायवा

रिपोर्टाच्या पहिल्या प्रकरणात पायरी चौथीचा तक्ता टाका : भाबडा अंदाज ११.३, खरं वेव्हफंक्शन १२.८, मोजलेलं १२.३२. खाली जी-ए चं मूल्य आणि वर्ष, पोटेन्शियलचं नाव, डी-अवस्थेचं प्रमाण. दुसऱ्या प्रकरणात ड्यूटेरॉन, तिसऱ्यात डेल्टाचं ऑपरेटर आणि कटऑफचा तक्ता. वेळ उरला तर हेलियम-३. नाही उरला तर दोन आणि तीन नीट करा. एका सेमिस्टरला ते भरपूर आहे.

व्हायवात तीन प्रश्न हमखास येतात. फर्मी भागाला मेसॉनची दुरुस्ती का नाही? व्हेक्टर प्रवाह अक्षय्य आहे म्हणून. मग अॅक्सियल प्रवाह अक्षय्य का नाही? पायॉनला वस्तुमान आहे म्हणून. ते शून्य असतं तर तोही अक्षय्य झाला असता. आणि तिसरा, जरा खोडसाळ : ‘हे दोन टक्के मेसॉनचेच कशावरून, वेव्हफंक्शनच चुकलं नसेल?’ याला घाबरून गप्प बसू नका. सांगा की एकट्या ट्रिटियमवरून ते वेगळं करता येत नाही, पोटेन्शियल बदललं की वाटणी बदलते. पण तोच प्रवाह आणि तेच वेव्हफंक्शन घेऊन हेलियम-३ चा १४९६ हा आकडाही येतो का, हे बघता येतं. आणि तुमच्या तक्त्यात ते बघितलेलं असेल तर पान उघडून दाखवा.